संगणकीय दप्तराची पुनर्स्थापना

(ग्रामपंचायती व शाळा यांतील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दप्तर हा शब्द आपल्याकडे जुना आहे आणि दप्तर सांभाळण्याची रीतही जुनी आहे. पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवीत. पुण्याच्या पुरालेखागारात आजही त्या गाठोड्यांना ‘रुमाल’ असेच म्हणतात. परंतु रुमाल बांधलेला आहे आणि फडताळात सुखरूप आहे, एवढ्याने त्यातील मजकूर कोणाच्या हाती येत नाही. गाठ सोडावी लागते, मोडी जाणणाऱ्याने कागद वाचावे लागतात, त्यांची तारीखवार लावणी करावी लागते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३०च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागले, ते अशा खटाटोपानंतरच.

आज आपल्यासमोर जो विषय आहे तो या खटाटोपाचाच नवा अवतार आहे. संगणकातील डेटाबेस नष्ट झाला किंवा बिघडला, बॅकअपचे गाठोडे मात्र हाती आहे, आणि ते सोडून आतील मजकुरातून डेटाबेस हाताने पुन्हा उभा करावयाचा आहे. हे काम कसे करतात आणि त्यात कोठे घसरावयास होते, हे सांगण्याचा मी प्रयत्न करणार आहे. मी तंत्रज्ञ नाही, कलाशाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे तंत्रज्ञांची भाषा आपल्या भाषेत आणण्याचे काम मला आधी स्वतःसाठीच करावे लागले आहे.

प्रथम डेटाबेस म्हणजे काय ते पाहू. ती एक नोंदवही नव्हे. एकमेकींना क्रमांकांनी बांधलेल्या अनेक नोंदवह्यांचा तो संच आहे. मिळकतींची एक वही, धारकांची दुसरी, कर मागणीची तिसरी, पावत्यांची चौथी. पावतीच्या ओळीत धारकाचे नाव पुन्हा लिहीत नाहीत, केवळ त्याचा क्रमांक लिहितात. म्हणून एका वहीतील पाने गहाळ झाली तर दुसऱ्या वहीतील नोंदी शाबूत असूनही निरर्थक होतात. आपल्या गावची कित्येक महत्त्वाची दप्तरे आज राज्य पातळीवरील मोठ्या संगणकांवर आहेत व त्यांची निगा तेथील तज्ज्ञ राखतात. परंतु शाळेचे विद्यार्थी रजिस्टर, ग्रंथालयाची सूची, दूधसंस्थेचे किंवा पाणीपट्टीचे हिशेब असे लहान लहान डेटाबेस खोलीतील एखाद्या संगणकावर असतात, आणि तेथे आपल्याखेरीज पाहणारा दुसरा कोणी नसतो.

बॅकअप म्हणजे अमुक दिवशी अमुक वाजता घेतलेली या संचाची नक्कल. तिचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एकात डिस्कवरील मजकूर जसाच्या तसा उचलतात. दुसऱ्यास ‘डम्प’ म्हणतात. तो डेटाबेसचे छायाचित्र नसून डेटाबेस नव्याने बांधण्याची कृती असतो. अमुक नावाची वही तयार करा, तीत अमुक रकाने आखा, मग या पुढील ओळी भरा, अशा आज्ञांची ती लांबलचक यादी असते. हा डम्प, सोबत जोडलेली कागदपत्रे व छायाचित्रे, आणि कोणत्या आवृत्तीच्या प्रणालीने बॅकअप घेतला हे सांगणारी एक चिठ्ठी, असे सारे एकत्र बांधून व दाबून लहान केलेली संचिका म्हणजे आपले गाठोडे.

पुष्कळ प्रणालींत पुनर्स्थापनेसाठी एक कळ दिलेली असते. मग हाताने करण्याची वेळ का यावी? कधी मधल्या काळात प्रणालीची आवृत्ती बदललेली असते आणि कळ जुने गाठोडे स्वीकारीत नाही. कधी गाठोड्यातील एखादी संचिका खराब असते व तिच्यापायी सारेच काम अडते. परंतु सर्वांत मोठे कारण निराळे आहे. समजा, सकाळी कोणाकडून पावत्यांची एक वही पुसली गेली आणि ते दुपारी ध्यानात आले. कळ दाबली तर सारा संच काल रात्रीच्या स्थितीस जाईल आणि आज दिवसभर झालेल्या इतर सर्व नोंदी बुडतील. अशा वेळी गाठोडे बाजूला सोडावयाचे, त्यातील डम्प वेगळ्या नावाच्या रिकाम्या डेटाबेसात उतरवावयाचा, आणि तेथून केवळ ती एक वही चालू डेटाबेसात आणावयाची. हे काम कळीचे नव्हे, हाताचेच.

आता एक घडलेली हकिकत सांगतो. ती परदेशातील व मोठ्या कंपनीची आहे, तरी आपल्या लहान कार्यालयास तिच्यातील एकही बाब परकी वाटणार नाही. ‘गिटलॅब’ हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपले काम साठवावे व एकमेकांस दाखवावे यासाठीचे संकेतस्थळ. दिनांक ३१ जानेवारी २०१७ रोजी त्याच्या डेटाबेसावर उपद्रवी मजकूर पाठविणाऱ्यांमुळे अतोनात ताण आला. मुख्य संगणकावरील प्रत्येक नोंद एका दुय्यम संगणकावर लागलीच उतरत असे. ताणामुळे तो दुय्यम संगणक मागे पडला व अखेर थांबला. तो नव्याने भरावयाचा तर आधी त्यावरील जुना मजकूर काढून टाकणे भाग होते. रात्री अकराच्या सुमारास, दीर्घ पाळीनंतर, एका अभियंत्याने मजकूर पुसण्याची आज्ञा दिली. ती दुय्यम संगणकावर न जाता मुख्य संगणकावर गेली. एकदोन क्षणांत चूक उमगून त्याने ती थांबविली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइट मजकुरापैकी केवळ साडेचार गिगाबाइट उरला होता.

खरी हकिकत येथून पुढे आहे. कंपनीपाशी बॅकअपचे उपाय थोडेथोडके नव्हते. दररोज डम्प घेऊन तो दूरच्या साठवणीत पाठविण्याची व्यवस्था होती. पाहतात तो ती साठवण रिकामी! डेटाबेस पोस्टग्रेस प्रणालीच्या ९.६ या आवृत्तीवर चालत होता आणि डम्प घेणारे साधन ९.२ या आवृत्तीचे होते. जुने साधन नव्या डेटाबेसाचा डम्प घेत नाही, त्रुटी दाखवून थांबते. त्रुटीची सूचना ईमेलने जात असे, पण त्या पत्रांवर योग्य ती प्रमाणक खूण नसल्यामुळे टपाल स्वीकारणारा संगणकच ती नाकारीत होता. डिस्कची ठरावीक वेळी प्रतिमा घेण्याची सोय भाड्याच्या संगणकांवर होती, परंतु डेटाबेसाच्या संगणकांसाठी ती सुरू केलेली नव्हती. आणि दुय्यम संगणक तर आधीच रिकामा करावयास घेतला होता. पाच निरनिराळे उपाय योजलेले असून त्यांपैकी एकही भरवशाने चालत नव्हता, असे कंपनीनेच लिहून ठेवले आहे.

तारणारी एकच गोष्ट निघाली. एका अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी, निराळ्याच चाचणीच्या कामासाठी, डिस्कची एक प्रतिमा हाताने घेतली होती. तीवरून डेटाबेस परत उभा करण्याचे ठरले. ती प्रतिमा चाचणीच्या संगणकावर होती व त्याची डिस्क मंदगतीची होती; केवळ मजकूर परत आणण्यास अठरा तासांच्या आसपास वेळ लागला. संकेतस्थळ दुसऱ्या दिवशी सायंकाळी सुरू झाले. मधल्या सुमारे सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या: अंदाजे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवीन खाती. लोकांचे प्रत्यक्ष प्रोग्रॅम वाचले, कारण ते डेटाबेसात नव्हे तर वेगळ्या जागी साठविलेले होते. कंपनीने हे काम चालू असताना त्याची टिपणे सर्वांसाठी खुली ठेवली, काम चित्रफितीवरून थेट दाखविले आणि काही दिवसांतच कारणमीमांसा प्रसिद्ध केली. तीत त्या अभियंत्याचे नाव दिलेले नाही. आपल्याकडे अशा प्रसंगी पहिला कागद निघतो तो कारणे दाखवा नोटिशीचा. चौकशी अवश्य व्हावी, परंतु दप्तर उभे राहण्यापूर्वी माणूस धास्तावला तर तो पुढची पायरी नीट टाकू शकत नाही, हे वरिष्ठांनी ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिले काम म्हणजे लिहिणे थांबविणे. ज्या कोणत्या खिडकीवरून किंवा संगणकावरून नव्या नोंदी होत असतील त्या बंद कराव्यात व तसा फलक लावावा. बिघडलेला डेटाबेस पुसून टाकू नये. त्याचे नाव बदलून बाजूस ठेवावा, कारण बॅकअपनंतरच्या काही ओळी कदाचित त्यातच सापडावयाच्या असतात. मूळ गाठोड्यास हात लावू नये. त्याची नक्कल करून नकलेवर काम करावे. बॅकअप घेताना गाठोड्याची अंकमुद्रा, म्हणजे तंत्रज्ञ जिला ‘चेकसम’ म्हणतात ती, लिहून ठेवलेली असल्यास आता पुन्हा काढून ताडून पाहावी. संचिकेतील एक अक्षर जरी बदललेले असले तरी ही मुद्रा जुळत नाही. मोहोरबंद लिफाफ्याची लाख तपासण्यासारखेच हे आहे.

गाठोडे सोडण्यापूर्वी त्यातील संचिकांची नुसती यादी वाचता येते. ती अवश्य वाचावी. दाबून ठेवलेला मजकूर सोडल्यावर कित्येक पटींनी फुगतो, आणि निम्म्यात डिस्क भरली तर अर्धवट सुटलेले गाठोडे नवा घोटाळा निर्माण करते. यादीत चिठ्ठी असेल तर आवृत्ती पाहावी. जुन्या आवृत्तीचा डम्प नव्या प्रणालीत बहुधा उतरतो. नव्याचा जुन्यात उतरेल याची खात्री देता येत नाही. आणखी एक बाब येथेच पाहावी लागते. काही प्रणाली गुप्त ठेवावयाचा मजकूर कुलूपबंद स्वरूपात लिहितात आणि किल्लीची संचिका मुद्दामच गाठोड्यात घालीत नाहीत. गिटलॅबची प्रणालीही अशीच आहे. किल्ली वेगळी जपावी लागते. तिजोरी आली, किल्ली राहिली, अशी अवस्था झाल्यास तेवढ्या मजकुरापुरता बॅकअप असून नसल्यासारखा होतो.

त्यानंतर रिकामा डेटाबेस तयार करावयाचा. येथे मराठी माणसाने दोन मिनिटे अधिक थांबावे. डेटाबेस कोणत्या अक्षरसंहितेत लिहिणार, हे त्याला जन्मतःच सांगावे लागते. देवनागरी अक्षरे युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट घेतात. डम्प या पद्धतीत लिहिलेला आणि वाचणारी प्रणाली त्याला जुनी रोमन संहिता समजली, तर नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हे उमटतात. हे दिसावयास भयंकर असले तरी मूळ बाइट शाबूत असतात, त्यामुळे जाणकार बहुधा ते परत वळवू शकतो. परंतु नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी साठविल्या गेल्या असतील, तर अक्षर गेलेच. प्रश्नचिन्हातून पुन्हा ‘ज्ञानेश्वर’ निघत नाही. म्हणून सारा डम्प उतरविण्याआधी एक लहान वही उतरवून, जोडाक्षरांची पाचदहा नावे डोळ्यांनी वाचून पाहावी.

डम्प उतरवू लागल्यावरची एक फसगत सांगितली पाहिजे. पोस्टग्रेसचे आज्ञा वाचणारे साधन मुळात असे आहे की, एखादी आज्ञा फसली तर ते त्रुटीची ओळ दाखविते आणि पुढच्या आज्ञेकडे वळते. शेकडो ओळी भराभर पडद्यावरून सरकत असताना ती एक ओळ कोणास दिसावी? शेवटी पडदा शांत होतो, काम पुरे झाले असे वाटते, आणि एक आख्खी वही रिकामी राहिलेली असते. यास्तव पहिल्याच त्रुटीस थांबण्याची सूचना त्या साधनास आधी द्यावी, आणि जमल्यास सारा डम्प एकाच व्यवहारात उतरवावा. म्हणजे उतरला तर पूर्ण, नाही तर काहीच नाही. पडद्यावरील संदेश एका संचिकेत साठवावेत. एकाच डेटाबेसाच्या डम्पमध्ये वापरकर्त्यांची नावे व अधिकार सहसा येत नाहीत, हेही ध्यानात असावे. पहिल्या त्रुटी पुष्कळदा त्याच असतात, आणि नावे आधी तयार केली की त्या नाहीशा होतात.

संपूर्ण डम्प उतरविताना वह्यांचा क्रम डम्पच सांभाळतो. एकेक वही हाताने आणताना तो आपणास सांभाळावा लागतो. धारकांची वही आधी, मागणीची नंतर, पावत्यांची त्यानंतर; अन्यथा नसलेल्या धारकाच्या नावे पावती कशी, असा आक्षेप डेटाबेस घेतो. तो आक्षेप बंद करण्याचीही सोय असते आणि घाईत असलेला माणूस ती वापरतो. माझ्या मते शक्यतो वापरू नये. तो आक्षेप म्हणजे आपला फुकटचा लेखापरीक्षक आहे.

क्रमांकांच्या बाबीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण येथे गावकऱ्याचा प्रत्यक्ष संबंध येतो. पुढची पावती कोणत्या क्रमांकाची, हे डेटाबेस एका गणकात वेगळे लिहून ठेवतो. केवळ वहीतील ओळी आणल्या आणि गणक पुढे नेला नाही, तर पहिलीच नवी नोंद जुन्या क्रमांकावर आदळते. ही चूक निदान लगेच दिसते. न दिसणारी चूक अशी की, बॅकअप काल रात्रीचा, त्यात शेवटची पावती ४१६०. आज दुपारपर्यंत ४१६१ ते ४१९० या पावत्या लोकांच्या हातात गेल्या. मग डेटाबेस पडला. पुनर्स्थापनेनंतर गणक पुन्हा ४१६१ देणार! एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या दोन घरांत. पुढे थकबाकीची नोटीस निघाली की पैसे भरलेला वृद्ध मनुष्य हातात खरी पावती घेऊन कार्यालयात येतो आणि संगणक त्या क्रमांकावर दुसऱ्याचे नाव दाखवितो. गिटलॅबच्या मंडळींनी याच कारणास्तव पुनर्स्थापनेच्या वेळी सर्व गणक एकदम एक लाखाने पुढे सरकविले. आपणास लाखाची गरज नाही; शंभराची उडी घ्यावी आणि मधले क्रमांक का रिकामे आहेत याची नोंद कार्यवृत्तात करून ठेवावी, म्हणजे लेखापरीक्षणाच्या वेळी प्रश्न उरणार नाही.

मजकूर उतरला म्हणून खिडकी लगेच उघडू नये. प्रत्येक वहीतील ओळी मोजाव्यात व शेवटच्या ज्ञात आकड्याशी ताडाव्यात. प्रत्येक वहीतील सर्वांत अलीकडची तारीख पाहावी. एकीत कालची आणि दुसरीत गेल्या महिन्याची तारीख निघाली तर बॅकअपच अर्धवट होता असे समजावे. करवसुलीची एकूण रक्कम कागदी किर्दीशी जुळवावी. आणि वीसपंचवीस नोंदी कोठूनही उचलून कागदाशी पडताळाव्यात. हे काम संगणक चालविणाऱ्याने न करता ज्याला गाव ठाऊक आहे अशा माणसाने करावे. कोण कोणत्या गल्लीत राहतो हे ठाऊक असलेला शिपाई यात अभियंत्याहून सरस ठरतो. पडताळणी चालू असताना प्रणालीतून बाहेर जाणारे संदेश बंद ठेवावेत. नाहीतर जुन्या मागणीची स्मरणपत्रे साऱ्या गावाच्या मोबाइलवर जाऊन थडकतात. पडताळणी पुरी झाल्यावर सोडलेले गाठोडे तसेच पडू देऊ नये. त्यात विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, बँकखाती उघड्या मजकुरात असतात. २०२३ सालचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आपणास ठाऊक आहेच. पण कायदा नसता तरी लोकांची माहिती कोणाच्या खिशातील पेन ड्राइव्हवर हिंडू नये, हे सांगावयास नको.

उरतो तो बॅकअपनंतरचा काळ. मोठ्या प्रणालींत प्रत्येक व्यवहाराची वेगळी रोजनिशी चालू असते आणि ती शाबूत असल्यास बॅकअपवर तिच्यातील नोंदी क्रमाने चढवून बिघाडाच्या क्षणापर्यंत पोहोचता येते. लहान कार्यालयात ही सोय बहुधा नसते. तेथे कागदच उपयोगी पडतो: पावतीपुस्तकाची स्थळप्रत, आवक-जावक नोंदवही, वर्गशिक्षकाचा हजेरीपट. संगणक आला म्हणून स्थळप्रत बंद करण्याचा आग्रह काही ठिकाणी धरला जातो, त्यास माझा विरोध आहे.

ठिकाणाविषयी थोडे सांगतो. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास आग लागली, वरचे मजले जळाले, माणसे दगावली, आणि अनेक विभागांचे कागद भस्मसात झाले. अशा प्रसंगी तोच कागद परत मिळतो, ज्याची प्रत दुसऱ्या इमारतीत असते. संगणकीय साठवणीस हाच नियम आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ‘ओव्हीएच’ या कंपनीच्या संगणककेंद्राची एक इमारत जळून गेली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, अशा काही ग्राहकांचे मूळ आणि नक्कल दोन्ही गेले. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, असा एक सुटसुटीत नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केला; तो आपल्या शाळेसही झेपण्यासारखा आहे. एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक तालुक्याच्या ठिकाणी. मात्र बाहेरची डिस्क संगणकास सदैव जोडून ठेवू नये. खंडणीखोर व्हायरस शिरला तर तो जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो.

आज दुपारच्या सत्रात आपणास एक सराव करावयाचा आहे. प्रत्येक गटास एका काल्पनिक गावच्या पाणीपट्टीचे गाठोडे दिले जाईल. त्यांपैकी काहींची अंकमुद्रा जुळणार नाही, काहींत धारकांची वही नसेल, एकात नावांच्या जागी प्रश्नचिन्हे असतील. कोणाच्या वाट्यास काय येईल ते आधी सांगितले जाणार नाही. प्रत्येक गटात संगणक चालविणारा एक आणि कागदी किर्द घेऊन बसणारा एक अशी वाटणी करावी, घड्याळ लावून वेळ लिहावी, आणि पडताळणीच्या तक्त्यावर दोघांनीही सह्या कराव्यात. तक्ते बाहेर मेजावर ठेवले आहेत. उपाहारास जाताना एकेक घेऊन जावा.